दाजी ही कीड नव्हे

कुंडल, ता. २४ मे

ती. दाजींच्या चरणी लालासाहेबाचा आधी कडक सॅल्यूट आणि त्याच्या पाठोपाठ साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? बयाक्काची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे ना? (अक्का गोळी पदराच्या गाठीत बांधून ठेवते आणि पदर धुवायला टाकते, म्हणून विचारलं.)

दाजी, तीन आठवडे झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. मी सत्तावीस वेळा केला, माझ्याकडे तारीखवार नोंद आहे. तुमच्या ऋषिराजने तुम्हाला मोबाईलवर काय वाचून दाखवलं तेही मला कळलंय. पण त्याने नुसता शेवट वाचला, आणि शेवटावरून मेव्हण्याला फाशी देऊ नये. फोन तुम्ही कट करता, पत्र कट करता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. झालं कसं ते पहिल्यापासून सांगतो. मग रागवायचं तर खुशाल रागवा.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या दारात स्वानंदी नावाची पोर आली. मूळची वाईची, सांगलीत राहून शेतीवर पीएचडी करते. अंगाने काडी, पण बोलायला लागली की आमचे पलटणीतले सुभेदारसाहेब आठवावेत. तिच्या मोठ्या सरांनी जिवाणूंचं एक औषध तयार केलं होतं. ते भुईमुगाच्या मुळाशी ओतलं की शेंगा वाढतात, असं सरांचं म्हणणं. ते खरं की खोटं बघायला तिला अर्धा एकर रान हवं होतं. मी म्हटलं, घे. (शालू म्हणाली, "इचारलं तरी का मला?" पण ते वेगळं पत्र होईल.)

तिने रानाचे बारा पट्टे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून सहा पट्ट्यांना 'क' अन् सहांना 'ख' अशी पाटी लावली. मला दोन कॅन दिले, त्यांवरही क आणि ख. एकात औषध, दुसऱ्यात त्याच रंगाचं नुसतं पाणी. पण कशात काय ते मला सांगायचं नाही आणि तिला स्वतःलाही ठाऊक नाही! ते मोठ्या सरांच्या कपाटात, सीलबंद पाकिटात. का, तर माणूस आवडत्या पट्ट्याला नकळत जास्त माया लावतो म्हणे. मला याचा राग आला. चोवीस वर्षं पलटणीचं स्टोअर सांभाळलं, कधी एक ब्लँकेट इकडचं तिकडं झालं नाही, आणि मी भुईमुगात पक्षपात करणार?

रोजची वही लिहायचं काम माझ्याकडे होतं. पाऊस किती, फुलं कधी, कीड कुठली. आता दाजी, मी वही लिहायला बसलो की हात आखडत नाही हे तुम्ही जाणताच. पलटणीतली सवय, घडलं ते लिहायचं. त्यामुळे पावसाच्या मिलिमीटरशेजारी शालूने आमटीत मीठ किती टाकलं तेही आलं. शेजारच्या जयराजचा बैल आला. ('जयराजचा बैल पुन्हा आपल्या बांधावर. बैलाचा दोष नाही.') आणि, लपवत नाही, गौरी-गणपतीत तुम्ही आलात तेही आलं.

ऑगस्टमध्ये ख पट्टे मला मलूल दिसायला लागले. मी काय केलं, दोन्ही कॅनमध्ये बोट बुडवून चाखून बघितलं. क गोडसर लागला, ख ला काही चवच नाही. म्हटलं, झालं, गोड आहे ते औषध आणि बिचाऱ्या ख च्या नशिबी नुसतं पाणी. दाजी, सहा पट्टे जेवतायत आणि शेजारी सहा उपाशी बसलेत, ते माझ्याच्याने बघवेना. पोरीला न सांगता मी ख पट्ट्यांना शेणकाला घातला. एकदा नाही, पाच वेळा. आणि सवयीने दरवेळी वहीत लिहिलं.

ऑक्टोबरात काढणी झाली. ख पट्ट्यांत शेंगा दीडपट! सांगलीत सरांनी पाकीट फोडलं, तर औषध निघालं ख मध्ये. क मध्ये गुळाचं पाणी होतं, रंग जुळावा म्हणून. मी मनात म्हटलं, आयला, आपण औषधालाच शेण पाजलं! पण तिकडे सर एवढे हरखले होते, त्यांनी सांगलीहून पेढे पाठवले होते, आणि पेढा तोंडात असताना माणसाने कसं बोलावं? गप्प राहिलो. तीन महिने गप्प राहिलो, दाजी, आणि त्या तीन महिन्यांत माझं वजन चार किलोने घटलं. शालूला वाटलं शुगर आहे. दोनदा रक्त काढून आणलं.

तिकडे सरांचा निबंध परदेशातल्या मासिकाकडे गेला. मासिकवाले म्हणाले, छान आहे, पण आमचा नवा नियम आहे, कच्च्या नोंदी सगळ्या जगापुढे उघड्या ठेवा, शेतातल्या वहीसकट. मी स्वानंदीला विचारलं, असं कशाला? ती म्हणाली, काका, पूर्वी नुसतं ताट वाढून चालायचं, आता चूलही दाखवावी लागते. कोण कुठला माणूस कुठल्याही देशात बसून तुमचीच चूल पेटवून बघतो, तोच पदार्थ होतो का. आमच्या चुलीत काय जळत होतं ते मलाच माहीत!

जानेवारीत ती वही न्यायला आली. ओसरीवर बसून एकेक पान मोबाईलने टिपत होती आणि मी खांबाला धरून उभा. एका पानावर तिचा हात थांबला.

"काका, बारा ऑगस्टला हे काय लिहिलंय? 'ख ची दया आली. शेणकाला दिला'?"

"व्हय," मी म्हटलं. "दिला."

"सगळ्या ख पट्ट्यांना?"

"पाच येळा. फुडं बघ, समदं लिवलंय."

ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. शालू पाणी घेऊन धावली. मला इतकं वाईट वाटलं की मी म्हणालो, "पोरी, फाडून टाक ती पानं. वही माझी हाय, मी फाडतो. गाय खाऊन गेली म्हणू." तिने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. म्हणाली, "काका, फाडलंत तर आयुष्यभर शेणाच्या शेंगा औषधाच्या म्हणून मिरवाव्या लागतील. कुणीतरी शेतकरी ते औषध विकत घेईल, त्याला काय सांगू?" एवढीशी पोर, दाजी! मी तिच्यासमोर अटेन्शनमध्ये उभा राहिलो. नकळत, खरंच.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. सरांनी आधी एकेक तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, ती पानं जरा अस्पष्ट आली असतील ना? ती म्हणाली, नाही सर, काकांचं अक्षर फार स्पष्ट आहे. (हे ऐकून अशा प्रसंगीही मला बरं वाटलं.) सरांचीही कीव करा, त्यांचा सत्कार चार दिवसांवर होता, हॉल ठरला होता, बॅनरवर त्यांचा फोटो आणि शेजारी भुईमुगाची शेंग, दोन्ही एकाच मापाचे.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः कुंडलला आले. मला वाटलं आता फैर झडणार. पण माणूस रिकाम्या रानात उभा राहिला, चप्पल काढून. मग मला विचारलं, "किती शेण, किती पाणी?" मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. जाताना एवढंच म्हणाले, "हवालदार, आमच्या पिढीत चुकलेला प्रयोग कपाटात कुलूप लावून ठेवायची रीत होती. माझ्याच कपाटात तसले नऊ आहेत."

सत्काराला मी आणि शालू सांगलीला गेलो. पहिल्या रांगेत बसवलं होतं, शालूने पैठणी नेसली होती. सर उठले, शाल खांद्यावर, आणि माईकवर म्हणाले, "ही शाल एक तर परत घ्या, नाहीतर कुंडलच्या शेणाला घाला." मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्या नावासकट, वहीतली ती पाच पानं मोठी करून पडद्यावर दाखवली. आधी मागून एक टाळी आली, मग दुसरी, आणि मग, दाजी, अख्खा हॉल! शालू माझ्या कानात म्हणाली, "आवं, हे तुमच्यावर हसत्यात का तुमचं कवतिक करत्यात?" मी म्हटलं, दोन्ही असंल, तू टाळ्या वाजव.

नव्याने लिहिलेला निबंध छापून आला, 'औषधाचा गुण सिद्ध झाला नाही' असा. लेखकांत तिसरं नाव माझं. महिन्याभरात ब्राझीलहून एका बाईंचं पत्र आलं. तसलंच औषध त्यांनी दोन वर्षं वापरलं होतं, काही फरक पडला नव्हता, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजून त्या गप्प बसल्या होत्या. आमची वही वाचून त्यांनीही आपल्या वह्या उघडल्या. मग आणखी तिघांनी. स्वानंदीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी अंगणात नाचलो. नुसताच नाही, जयराजच्या बैलाला गुळाचा खडा दिला.

आता तुमचा विषय. ब्राझीलच्या बाईंनी वही मशीनकडून भाषांतर करवून घेतली. त्यात एक नोंद अशी, 'दाजी आले. चार दिवस मुक्काम. पट्टा सातमधल्या ओल्या शेंगा फस्त. पाचव्या दिवशी आपोआप गेले.' बाईंनी इंटरनेटवर त्या वहीखालीच अत्यंत नम्रपणे विचारलं, हा दाजी कुठला कीटक? दरवर्षी याच हंगामात येतो का? त्याखाली केनियाच्या एका साहेबाने प्रकाश सापळा सुचवला, आणि कुणी तिसऱ्याने फक्त नर येतो की मादीही, अशी शंका काढली. ऋषिराजने तुम्हाला वाचून दाखवलं ते हेच. (पट्टा सात क मधला होता. म्हणजे क चं वजन कमी भरलं त्यात तुमचाही हातभार आहे. शास्त्रात हे तिसऱ्या तक्त्याखाली नोंदलंय.)

स्वानंदीने लगेच खाली दुरुस्ती लिहिली, 'दाजी ही कीड नव्हे, बहिणीचा नवरा आहे.' पण उघड्या विज्ञानात लिहिलेलं पुसत नाहीत, खाली दुरुस्ती जोडतात. त्यामुळे तुम्ही आता दोन्ही ठिकाणी आहात. दाजी, मी ते रागाने लिहिलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर घर सुनं वाटलं, तेही त्याच पानावर आहे, पण मशीनने त्याचं भाषांतर 'पिकाची वाढ मंदावली' असं केलं. माफ करा. गौरीला या. हव्या त्या पट्ट्यातल्या शेंगा खा.

तुमचा,
लालासाहेब

ता. क. १. आलाच आहे विषय तर सांगतो. हाच प्रयोग आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाच्या हातून, बिनशेणाचा व्हायला हवा, तरच जग मानेल. सरांनी जागा विचारली. माझ्या तोंडून तुमचं शिरवळ निघालं. कॅनॉलखालचं तुमचं अर्धा एकर रान. वही तुम्ही लिहायची. माझ्याबद्दल काय वाट्टेल ते लिहा, सात समुद्रापार वाचलं जाईल.

ता. क. २. विचार करायला वेळ घ्या, असं म्हणणार होतो. पण बयाक्काने परवाच होकार कळवलाय.

ता. क. ३. या पत्रावर तिकीट नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. ज्या पोरीने ते तुमच्या हातात दिलं तीच स्वानंदी. वाचून मान वर कराल तेव्हा ती समोर नसेल. कॅनॉलकडे बघा, टेप धरलेली ती, आणि दुसरं टोक धरलेली बयाक्का.