आईचा रेनकोट

१० मार्च, सोमवार

कार्निव्हल संपला, एफ्राइन आला नाही. सातुर्निना मावशी तरी सकाळी मुलाच्या खोलीपुढचं अंगण झाडत होती. मी काही विचारलं नाही. बिनधुराच्या चुली बांधायला या डोंगरातल्या गावात आले, त्याला तिसरं वर्ष; तेव्हापासून याच घरात राहते. मुलाबद्दल ती बोलली तरच बोलायचं, हे आता कळतं. सोनं काढायला खाली जंगलात गेला. आधी फोन यायचे, मग बंद झाले. "पावसाने रस्ते गेले असतील," म्हणाली. दर वर्षी हेच म्हणते.

दुपारी वरच्या आळीत एक चूल पुरी केली. चिखल, गवत, शेण मळून हात फुटलेत. धुराडं बसवलं, धूर सरळ वर गेला. घरची बाई बघत राहिली — काही खूश दिसली नाही. "धूर गेला तर छपरातले किडे तू मारणार का?"

मावशीने तर तिच्या चुलीला मला अजून हात लावू दिलेला नाही. "चुलीमागच्या माझ्या गिनीपिगांना धुराची ऊब लागते. तू गाव सुधार, मला राहू दे."

१२ मार्च

आई गेली. काल.

फोन शाळेच्या टेकडीवरच लागतो. चढून गेले तर माझ्या बहिणीचे, मार्याचे मेसेज एकाखाली एक. डोक्यात रक्तस्राव. स्वयंपाकघरात पडलेली सापडली. शुक्रवारी दहन. फोन केला. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "येशील ना?"

हो म्हटलं. खाली येऊन पिशवी भरली.

१३ मार्च

पहाटेच्या ट्रकने निघाले. पुलाच्या अलीकडे दरड कोसळलेली — अर्धा डोंगरच रस्त्यावर. ड्रायव्हर उतरला, बघितलं, परत आला. "चार दिवस तरी नाही बाई. वरून पावसाचं काही सांगता येत नाही." खिंडीतून चालत गेले असते, पण विमान गाठता आलं नसतं. परत फिरले.

मार्याला कळवलं. "बरं," म्हणाली. बास, एवढंच.

घरी आले तेव्हा मावशी शेंगा सोलत होती. मान वर न करता विचारलं, "तिच्या अंगावरचं काही आहे का तुझ्याकडे?"

इकडे यायला निघताना आईने तिचा निळा रेनकोट माझ्या हातात कोंबला होता. "तिकडे भिजशील." मी तो आणून दिला. मावशीने बाह्या चाचपल्या, खिसे उलटे करून पाहिले, घडी घातली. "होईल. देह नसला तर कपडे चालतात. उद्या संध्याकाळी माणसं येतील. तू केस विंचर."

१४ मार्च, शुक्रवार

तिकडे आज दहन झालं असेल. आई धूर होऊन एस्टोनियाच्या आभाळात गेली, आणि मी इथे आहे.

संध्याकाळी ओट्यावर काळी घोंगडी अंथरून रेनकोट पसरला. बटणं लावली. डोक्याच्या जागी मावशीने स्वतःची नवी टोपी ठेवली, चार बाजूंना मेणबत्त्या लावल्या. माणसं येत गेली. कोणी चघळायला कोकाची पानं आणली, कोणी मक्याची दारू. माझ्यापाशी येऊन प्रत्येक जण हात खांद्यावर ठेवत होता. त्या रेनकोटाकडे बघून कोणालाही हसू आलं नाही. मलाच सुरुवातीला भीती वाटत होती, की येईल.

"काय आवडायचं तिला?" मावशीने विचारलं.

"कॉफी. काळा पाव. खारवलेला मासा."

दुकानातून माशाचा डबा आला. "मासा तो मासा," म्हणाली, आणि उघडून बशीत ओतला.

प्रार्थना मेलितोनने म्हटल्या. तो मावशीचा धाकटा दीर, गावातल्या सगळ्या मेलेल्यांसाठी तोच म्हणतो. आईचं नाव हेल्यू. त्याच्या तोंडी ते 'एलिऊ' झालं. दर ओळीला एलिऊ, एलिऊ. मी दुरुस्त करणार होते. मग वाटलं, इतक्या वेळा तिचं नाव तिकडे आज कोणी घेतलं असेल का? तेव्हा रडू आलं.

१५ मार्च

पाचव्या दिवशी मेलेल्याचे कपडे नदीवर नेऊन धुवायचे. आज पाचवा. पाणी बर्फासारखं. मला काठावर बसवलं. मावशी आणि दोन शेजारणी गुडघाभर पाण्यात.

रेनकोटावर पाणी ठरेना. एक शेजारीण म्हणाली, "हिच्या आईला काही भिजायचं नाही, बरं का." सगळ्या हसल्या. मीही. हसताहसता मावशी डोळे पुसत होती.

मग मेलितोनने झुडपांचा जाळ केला. धुतलेले कपडे त्यात टाकायचे, म्हणजे माणूस मोकळं होतं. मी रेनकोट धरून उभी. हात सुटेना.

"ठेवू दे तिला," मावशी म्हणाली. "आईचा आहे."

"ठेवून काय होतं वहिनी? आई तिथेच अडकते."

"एकाने काही होत नाही, भावजी."

मेलितोनने टोपी काढली. आवाज हळू होता. "तुमच्या पेटीत एफ्राइनचे किती कपडे आहेत? दर उन्हाळ्यात वाळत घालता. पोर तिकडे कुठे अडकलंय, विचार केलाय कधी?"

मावशीने पाण्यातून पाय काढले, घमेलं उचललं आणि घराकडे चालू लागली. ओला घागरा पायात येत होता, तरी थांबली नाही.

मी रेनकोट जाळात टाकला. आधी आक्रसला, मग घाण वास सुटला, काळा धूर निघाला. मेलितोन शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभा होता. "मी बोलायला नको होतं," म्हणाला. "पण खाली जंगलातून आलेल्या माणसांकडून सगळ्या गावाला कळलंय. सोन्याच्या खाणीची कड ढासळली, त्यात एफ्राइन होता. तिलाही सांगितलंय. ती ऐकतच नाही."

मला कोणी सांगितलं नव्हतं.

१६ मार्च

मावशी बोलत नाही. चूल पेटवली, बटाटे उकडले, माझं ताट झाकून ठेवलं आणि आत गेली.

१७ मार्च

मेलितोन सकाळी अंगणात येऊन उभा राहिला. बराच वेळ. नव्या बटाट्यांचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवून गेला. मावशी बाहेर आली नाही. गाठोडंही तसंच.

मार्याला फोन केला. इथलं सगळं सांगितलं — टोपी, मासा, एलिऊ. ती म्हणाली, "आमच्याकडे वीस मिनिटांत आटपलं."

१८ मार्च

दिवसभर पाऊस. उंबऱ्यावरचं गाठोडं आज नव्हतं. रात्री जेवणात नवे बटाटे होते.

१९ मार्च, बुधवार

उजाडताना मावशीने माझं दार वाजवलं. दोन्ही हातांत टोपली. वर एफ्राइनचा जाड लोकरीचा लाल पोंचो, खाली शर्ट, विजारी, एक शाळेचा स्वेटर. डोळे सुजलेले.

"नदीवर चल," म्हणाली. "पोंचो जड आहे. एकटीला पिळवत नाही."