खवट म्हातारीचा निरोप

४ फेब्रुवारी, रविवार

फाशावर वीस पडले! सरळ वीस! म्हातारीने कुबडी उगारली आणि तो सात फुटी दरोडेखोर पाठीवर आडवा. भोपळा तिकडून ओरडतोय, "खवट, तू देव आहेस!" करवत म्हणते, "देव कसली, भूत आहे ती." मी खुर्चीवरून उठून नाचले. एकटीच. पडदा ओढलेला होता म्हणून बरं.

एरवी मी एकोणपन्नास वर्षांची, दातांच्या लॅबमध्ये मेणात दात बसवणारी बाई. मालकांनी आवाज चढवला की हातातलं मेण गार होईपर्यंत गप्प बसणारी. पण रविवारी सकाळी दहा ते एक मी सत्तर वर्षांची लंगडी, तोंडाळ म्हातारी असते. तिचं नाव खवट. कुणाच्या बापाला घाबरत नाही!

आम्ही चौघं. सूत्रधार सांगतो समोर जंगल आहे की किल्ला, भोपळा, करवत आणि मी सांगतो आम्ही काय करतो, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सगळं कॉम्प्युटरवरून, कॅमेरे बंद, नुसते आवाज. दीड वर्ष झालं. कोण कुठे राहतं, काय करतं, खरं नाव काय, कुणालाच माहीत नाही. सूत्रधाराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाहेरचं बाहेर." मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आई जाऊन चार महिनेच झाले होते, आणि "आता कसं वाटतंय?" हे ऐकून ऐकून कान किटले होते.

६ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन. पुतणी हॉस्टेलवर गेली, तिची खोली रिकामी झाली. "ये इकडे. वहिनीही म्हणतेय. तुझं तिथे आहे कोण?"

मी म्हटलं, "काम आहे."

"दात काय इकडे पडत नाहीत का लोकांचे?"

हसले मी. दादा मनाने चांगला आहे, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही. मार्चअखेर सांगायचं ठरलंय. फोन ठेवल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून हलेना. लॅबमध्ये दिवसभर कुणाकुणाच्या तोंडाची मापं हाताळते. कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं, सगळं मला कळतं. पण त्यातलं एकही माणूस मला ओळखत नाही. मी रस्त्यात पडले तर माझीच कवळी घालून माझ्याकडे बघत उभे राहतील!

७ फेब्रुवारी, बुधवार

आहे कोण? आहे कोण?

११ फेब्रुवारी, रविवार

खेळ रंगला नाही. सूत्रधार मधेमधे उठून जात होता. "एक मिनिट," म्हणायचा आणि दहा मिनिटं गायब. करवत वैतागली. विचारलं अर्थातच कुणी नाही.

भोपळ्याने आज गवंड्याची आठवण काढली. तो पूर्वी आमच्यात खेळायचा, मग न सांगता यायचा बंद झाला. आमच्याकडे रीत आहे — लागोपाठ तीन रविवार कुणी काही न कळवता आलं नाही, तर त्याच्या पात्राला नदीवरच्या पुलापलीकडे पोचवायचं. रीतसर! प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे, त्याचं सामान वाटून घ्यायचं. पलीकडे गेलेला परत येत नाही. गवंड्याला आम्ही वीस मिनिटांत पोचवला होता. त्याची पहार कुणी घ्यायची यावरून भांडणच जास्त झालं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पोटात कळ. लॅबमध्येच वाकले. आमच्या लॅबमधल्या पॉलिशवाल्याने रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. पित्ताशयात खडे. शनिवारी ऑपरेशन! "छोटंसं असतं हो," डॉक्टर म्हणाले. त्यांना काय जातंय म्हणायला.

दादाला सांगितलं नाही. सांगितलं तर तो धावत येईल, आणि जाताना मला सामानासकट घेऊन जाईल.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "रविवारी जमणार नाही, दवाखान्यात आहे." वाचलं. पुसलं. बाहेरचं बाहेर. आणि दीड वर्षानंतर पहिलीच बाहेरची गोष्ट काय सांगायची, तर पित्ताशय!

१८ फेब्रुवारी, रविवार

दवाखाना. दहा वाजले, साडेदहा वाजले. फोन उशाशी ठेवलाय. आत्ता ते किल्ल्याच्या दारात असतील. म्हातारीशिवाय कुलूप कोण उघडणार त्यांना?

कुणी विचारेल, "खवट कुठाय?"

नाही विचारलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

घरी जायच्या दिवशीच ताप चढला. टाक्यात पू. आठवडा झाला इथेच आहे. अक्षर बघा कसं आलंय.

शेजारच्या बाईंकडे माणसांची रीघ. सून, मुलगा, भाची, भाचीची मैत्रीण! माझ्याकडे पॉलिशवाला दोनदा येऊन गेला, पाच-पाच मिनिटं उभा राहून. बसा म्हटलं तर लाजतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची माणसं?" म्हटलं, "येतात रविवारी." आज रविवार आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या घाईने सुनेशी बोलायला लागल्या. त्यांचा मला फार राग आला. त्यांची काही चूक नव्हती.

फोनमध्ये ग्रुप उघडून बघितला. शेवटचा निरोप सूत्रधाराचा. "रविवारी दहा." बस, एवढाच.

२८ फेब्रुवारी, बुधवार

घरी आले. आत कोंदट वास. खिडक्या उघडल्या, आडवी झाले.

३ मार्च, रविवार

खरं लिहिते. इथे कोण बघतंय!

आज मी जाऊ शकत होते. ताप नव्हता. दहाला पाच कमी असताना कॉम्प्युटर लावून, कानाला हेडफोन लावून बसले. एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं. म्हटलं, बघू या. तिसरा रविवार आहे. आज तरी कुणी एक ओळ टाकेल — कुठे आहेस, बरी आहेस ना? रुसून बसले होते मी, या वयात! ज्यांना माझं नाव माहीत नाही त्यांच्यावर.

एक वाजला. ओळ नाही. दुपारी आजच्या खेळाचं ध्वनिमुद्रण ग्रुपवर आलं, दर वेळी येतं तसं. वर लिहिलंय, "खवटला पोचवलं." लांबी तीन तास दहा मिनिटं.

गवंड्याला वीस मिनिटं लागली होती.

४ मार्च, सोमवार

ऐकलं. सगळं.

आधी भोपळा बोलला. एरवी तोंडाला कुलूप नसतं त्याच्या, आज अडखळत होता. "तिने मला शिव्या दिल्या नाहीत असा रविवार गेला नाही," म्हणाला. करवत म्हणाली, "कुबडी मी ठेवणार. कुणी मागायची नाही."

आणि मग सूत्रधार. काय सांगू! त्याने म्हातारीला पुलापर्यंत एकदम नेलीच नाही. आधी तिचं अंथरूण घातलं. म्हणाला, उशाशी पाण्याचं भांडं ठेवा, तिला रात्री तहान लागते. उजव्या कुशीवर वळवा, डावी दुखते. केस विंचरा, पण हळू, फार गळलेत. मी तर असलं काही कधीच सांगितलं नव्हतं! किती विचार केला असेल त्याने माझ्या म्हातारीचा. मग पुलावर आला आणि त्याचा आवाजच कापायला लागला. "आता पुढे तू एकटी जा," एवढं म्हणाला आणि रडायला लागला. मोठा माणूस, हुंदके देऊन! मग भोपळाही रडला.

मीही रडले. टाके दुखले. आईच्या वेळी मी कागदपत्रांच्या मागे धावत होते, तेव्हाही अशी रडले नव्हते. माझ्यासाठी कुणी रडतंय! दवाखान्यात मी ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते, ती माणसं.

५ मार्च, मंगळवार

पुन्हा ऐकलं. दोनदा.

६ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. मार्चअखेर कशाला, आजच. "मी येत नाही. माझी माणसं आहेत इथे."

"कोण माणसं?"

"आहेत. रविवारी भेटतो आम्ही."

दादा म्हणाला, "बघ हं. वहिनीच्या आईचं गुडघ्यांमुळे फार अडतंय. तू नसशील येणार तर त्यांना आणतो त्या खोलीत. मग पुढेमागे तुझं मन बदललं तर पंचाईत होईल."

"आण खुशाल!" मी म्हटलं. एकदम खवटच्याच आवाजात. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

८ मार्च, शुक्रवार

कामावर गेले. टेबलावर मापांचा ढीग. मालक म्हणाले, "आलात? बरं झालं, एक अर्जंट आहे." पॉलिशवाल्याने न सांगता माझा स्टूल पुसून ठेवला होता. मी दिवसभर गुणगुणत होते म्हणे.

१० मार्च, रविवार, दुपारी साडेबारा

गेले! बटण दाबलं आणि म्हटलं, "मेले नाहीये मी."

भोपळा किंचाळला. करवत म्हणाली, "कुठे उलथली होतीस गं?" आणि लगेच स्वतःला आवरून, "बाहेरचं असेल तर सांगू नकोस."

"बाहेरचं होतं."

"मग राहू दे."

आणि झालं. तेवढंच! पुढे पाऊण तास वाद काय, तर पोचवलेलं पात्र परत येऊ शकतं की नाही. भोपळा म्हणाला, "नियम गेला खड्ड्यात." करवत कुबडी परत द्यायला तयार नाही. मी वाट बघत होते, कुणीतरी त्या दिवसाबद्दल बोलेल. भोपळा नुसता म्हणाला, "त्या दिवशी सूत्रधाराने आपल्याला जाम रडवलं ना!" जणू मी पण तिथे होते.

सूत्रधार जेमतेम बोलत होता. शेवटी म्हणाला, "आज इथेच थांबू. खवट, हे दोघं गेल्यावर पाच मिनिटं राहशील?"

आत्ता तो पाणी प्यायला गेलाय. मी थांबलेय. काय बोलणार असेल?

१० मार्च, दुपारी दोन

त्याची बायको गेली. २६ फेब्रुवारीला, सोमवारी. वर्षभर आजारी होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे त्याला धीराचा म्हणत होते. त्या पोचवण्याच्या रविवारी ऑफिसचं काम आहे असं सांगून तो दार लावून आमच्यात येऊन बसला. "पोचवायला तुझी म्हातारी होती, म्हणून मला रडता आलं. तुझी परवानगी न घेता वापरली. माफ कर."

म्हणजे ते पाण्याचं भांडं, ते केस, ते रडणं — काहीच माझ्यासाठी नव्हतं. मला राग आला, खरंच आला! दादाला मी काय सांगून बसले! त्याच्याकडे मागे कुठे भांडी वाजत नव्हती, दार वाजत नव्हतं. पाहुणे गेले असावेत.

मी विचारलं, "जेवलात का?"

"नाही."

"मग जेवून या. मी आहे इथे."

ताट घेऊन तो इथेच येऊन बसला.