चोवीस नकोत

१७ जाने., सिएना
नकोत म्हणाले! तीसपैकी चोवीस, आणि मी तोंडावर सांगितलं, नकोत. इथे तोंडी परीक्षा झाली की प्रोफेसरबाई मार्क सांगून विचारतात, घेणार का? नाही घेतले तर ते गेले, पुन्हा परीक्षा.
भित्तिचित्रांवर इटालियनमध्ये धडाधड बोलले, एक क्रियापद चुकलं नाही. बाई म्हणाल्या, "पुस्तक छान पाठ आहे. आता चित्रात काय दिसतं ते सांग." मी पुन्हा पुस्तकच सुरू केलं. शाळेत कविता म्हणायचे तश्शी. लाज वाटली. रागही आला, स्वतःचाच.

१८ जाने.
घरी फोन. आप्पांचा स्फोट. "येडी व्हयनी का व तू? भेटेल मार्क कोणी परत करस का?" फेरपरीक्षेत नापास झाले तर पुण्याचं विद्यापीठ माझं इथलं हे अख्खं सत्र धरणार नाही, हेही सांगून टाकलं. मग तर काय!
आईने फोन घेतला. "जेवनी का?"

३० जाने., प्रकाशा
घरी. फेरपरीक्षा १९ फेब्रु.ला, व्हिडिओवर. चौकात माझा फ्लेक्स, फोटो बारावीचा. शाल, नारळ, सत्कार. आप्पांनी कोणाला काही सांगितलेलं दिसत नाही. काका म्हणाले, "बोल ना व इटालियनमा काहीतरी." बोलले. जोरात टाळ्या. 'मी अजून पास झालेले नाही' एवढंच म्हणाले होते.

७ फेब्रु.
काल आईबरोबर गोठ्याची भिंत लिपायला बसले. अर्धी झाली आणि आप्पांनी पपईच्या गाडीपाशी बोलावलं. उरलेली आज. वाळल्यावर बघते तर कालचं-आजचं मिळालं तिथे सरळ रेघ.
हेच की! भित्तिचित्रातही एका दिवसात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा, दुसऱ्या दिवशी नवा तुकडा, मधे सांधा. परीक्षेत हे घडाघडा म्हटलं होतं, सांधा मात्र एकदाही शोधला नव्हता. तशीच लॅपटॉपकडे धावले. चित्रं मोठी केली. दिसतायत! एका संताच्या डोक्याला पुरा एक दिवस, आभाळ एका झपाट्यात.
आई ओरडली, "हात धू व! शेण लागी त्याले!"

१९ फेब्रु.
बाईंनी कधी न पाहिलेलं चित्र पडद्यावर टाकलं. शेत, कापणी, बैल. काहीच पाठ नव्हतं. क्रियापदं धडाधड चुकली. पण सांगत गेले: इथे सांधा, इथून दुसरा दिवस, बैलाचे पाय गिलावा वाळल्यावर काढलेत, म्हणून तिथलाच रंग उडालाय. बाईंनी वाद घातला. मी सोडलं नाही. शेवटी हसल्या. "अठ्ठावीस. घेणार?"
जिंकले! "अठ्ठावीस!" मराठीतच ओरडले. हो म्हणणार, तर दाराआड आप्पा जोरजोरात मान हलवतायत. "तीस नही देई का ती बाई? इचार ना!"
बाई म्हणाल्या, कोण ते? लॅपटॉप फिरवला. आप्पांनी हात जोडले. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. बाईंना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "तीससाठी सोमवारी आणखी एक चित्र. चुकलीस तर अठ्ठावीसही गेले. चालेल?"
आप्पांना सगळं समजावलं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "चाली म्हन तिले."
मी म्हणाले, चालेल.
आता आप्पा अंगणात काकांशी फोनवर बोलतायत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "मन्ही पोर अठ्ठावीस लेवाले नही म्हनस!"