आमच्या गच्चीवरचं वीजनिर्मिती केंद्र

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
काल विजेचं बिल आलं. रात्रभर विचार केला (दहापर्यंत, मग झोप लागली). निर्णय झाला. गच्चीवर सोलर बसवणार. यापुढे मी वीज ग्राहक नाही, वीज उत्पादक आहे.
हिशोब एका पानात मावला. निम्मा खर्च सरकार देणार, उरलेला बिलातून तीन वर्षांत सुटणार, त्यानंतर बावीस वर्षं वीज फुकट. एवढं सोपं असून लोक का करत नाहीत? आळस. दुसरं काही नाही.
आपल्या हातचे पैसे सध्या किचनच्या नावाने बँकेत आहेत. ही नऊ वर्षं नवीन किचन म्हणतेय. तिला सांगितलं, आधी सोलर, मग त्याच्याच कमाईतून दुप्पट चांगलं किचन. ही काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बरोबर कळतं. ते प्रोत्साहन असतं.

३ फेब्रुवारी
ऑफिसात चार तास सोलरचे व्हिडिओ पाहिले. या विषयात आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही. साहेबांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, छान, आता पाणीपट्टीच्या तक्रारींचा गठ्ठा तेवढा हातावेगळा करा. मोठ्या कल्पना पचायला माणसांना वेळ लागतो.

६ फेब्रुवारी
सोलरवाला येऊन गच्ची बघून गेला. माणूस अनुभवी, पण महत्त्वाकांक्षा शून्य. म्हणे तुमच्या घराला तीन किलोवॉट पुष्कळ झाले, सबसिडीही तीनपर्यंतच मिळते. मी म्हटलं, पाच लावा. म्हणे वरच्या दोनचे पैसे तुमच्याच खिशातून जातील. मी म्हटलं, उत्पादक माणूस घरापुरता विचार करत नाही, उरलेली वीज कंपनीला विकणार. त्याने बॅटरीचंही विचारलं. मी म्हटलं, बॅटरी भित्र्या लोकांसाठी असते. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा हेच वाक्य.

९ फेब्रुवारी
सबसिडीचा फॉर्म आणला. अकरा पानं. पहिल्याच रकान्यात अडचण. ‘बिलावर असलेलं ग्राहकाचं नाव.’ बिलावर सासूबाईंचं नाव आहे. घरही त्यांच्याच नावावर आहे. चौदा वर्षं मी ‘माझं घर’ म्हणतोय आणि कोणी हटकलं नाही, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षातून गेली होती.
म्हणजे अर्जदार सासूबाई. सबसिडी जमा होणार सासूबाईंच्या खात्यात. मी म्हटलं, फक्त इथे सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे. त्यांनी भिंग मागवलं. अकराच्या अकरा पानं वाचली. तीन ठिकाणी मी भरलेलं चुकलं होतं, ते खोडायला लावलं. मग अट घातली: जिन्याच्या बाजूचा कोपरा, जिथे त्या सकाळी खुर्ची टाकून बसतात, तिथे पॅनेल येता कामा नये. मान्य केलं. वाटाघाटीत समोरच्याला जिंकल्यासारखं वाटू द्यावं लागतं.

१२ फेब्रुवारी
सबसिडीच्या ऑफिसात गेलो. खिडकी नंबर चार. सरकारी कामाची मला काळजी नाही, अठरा वर्षं पाणीपुरवठ्यात काढली आहेत, फाइल कशी पळते ते मला कोणी शिकवू नये. आठ दिवसांत पैसे खात्यात.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी
खिडकीवाल्याने परत पाठवलं. घराच्या कराची पावती हवी. पावती माझ्या पिशवीतच होती, पण ती झेरॉक्स. म्हणे ओरिजिनल दाखवा. त्याने मान वर न करता कागद ज्या पद्धतीने सरकवला, ते पाहून राग येण्याऐवजी कौतुक वाटलं. मी स्वतः लोकांना परत पाठवतो तेव्हा एवढी सफाई नसते.

१९ फेब्रुवारी
ओरिजिनल दाखवली. आता अर्जदाराच्या सहीचा नमुना हवा. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, रिक्षा करून एकट्याच गेल्या, तासाभरात पोचपावती घेऊन आल्या. खिडकीवाल्याने त्यांना खुर्ची दिली म्हणे. मी आठवडाभर जमीन तयार केली होती, त्याचा हा परिणाम.

१ मार्च, दुपारी
पॅनेल आले! दहा. सोलरवाल्याशी दिशेवरून थोडी चर्चा झाली. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं, यावर दोघांचं एकमत. दक्षिण कुठे, यावर नाही. तो नुसताच आकाशाकडे बघून हात दाखवत होता. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. म्हटलं, बाबा रे, हे सायन्स आहे. त्याने तीनदा विचारलं, नक्की? मग एका कागदावर ‘दिशा ग्राहकाच्या सांगण्यावरून’ असं लिहून माझी सही घेतली. विश्वास बसल्याशिवाय कोणी असं लेखी घेत नाही.

१० मार्च, सकाळी ७.०५
कनेक्शन सुरू झालं. आमच्या गच्चीवर वीजनिर्मिती होत आहे! ऑफिसला रजा टाकून मीटरसमोर स्टूल टाकून बसलो.

१० मार्च, सायंकाळी ६.३०
वीस युनिट यायला हवे होते. सात आले. पॅनेल नवीन आहेत, रुळायला वेळ लागणार.

१४ मार्च
वीज आपलीच, तर वापरायला नको का? न वापरलेली वीज म्हणजे वाया गेलेला सूर्य. बैठकीच्या खोलीत एसी घेतला. मोठा गीझर घेतला. इलेक्ट्रिक ओव्हनही घेतला, जुन्या किचनमध्ये मावत नाही म्हणून सध्या बेडरूममध्ये आहे. सगळं हप्त्यांवर, पण बिल शून्य येणार म्हटल्यावर हप्ते म्हणजे काहीच नाहीत. हिने विचारलं, एसी रात्री लावणार ना तुम्ही? रात्री सूर्य असतो का? प्रश्न मूलभूत होता. विचार करून सांगतो म्हटलं.

४ एप्रिल
बिल आलं. आधीपेक्षा जास्त.
उघड आहे, मीटर सदोष आहे. कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. ‘एका उत्पादकाशी असं वागणं शोभत नाही’ हे वाक्य मला फार आवडलं. हिला वाचून दाखवलं. ती ओव्हनवर कपड्यांच्या घड्या ठेवत होती. काही बोलली नाही. प्रोत्साहन.

११ एप्रिल
कंपनीचा माणूस मीटर तपासून गेला. मीटर बरोबर आहे म्हणे. मग गच्चीवर गेला, बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, पॅनेल वायव्येला का लावलेत? मी म्हटलं, आम्ही संध्याकाळच्या उन्हावर भर दिलाय. तो ‘बरं’ म्हणून गेला. त्याचं ‘बरं’ मला आवडलं नाही.

११ एप्रिल, दुपारी, बाथरूममध्ये
कळलं. माझ्या मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबक आहे. बंद करताना टक् आवाज येतो तो त्याचाच. कव्हर काढलं की दक्षिण सोलरवाल्याने दाखवली तिथेच येते. कव्हर घातलं की वायव्येला जाते.
कव्हर कचऱ्यात टाकलं. घरी सांगायची गरज नाही. दिशा बदलायला सोलरवाला पैसे मागेल, शिवाय तोंड वर करून बघेल, ते वेगळं. आपणच काहीतरी डोकं लढवू.

१३ एप्रिल, रविवार
लढवलं! पॅनेल सूर्याकडे वळत नसतील तर सूर्याला पॅनेलकडे वळवायचं. हिच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा सोडवून गच्चीवर विटा लावून उभा केला. पॅनेलवर असा लख्ख झोत पडला की माझेच डोळे दिपले. खर्च शून्य. पेटंट घ्यावं का?

१३ एप्रिल, दुपारी
सूर्य सरकला, आरसा सरकला नाही, ही एवढीच तांत्रिक त्रुटी. झोत समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीतून आत गेला. डॉक्टर त्या वेळी दाढ काढत होते. नको ती निघाली असती, थोडक्यात वाचली. डॉक्टर तसेच हातमोजे घालून रस्ता ओलांडून आले. मागोमाग पेशंटही आला, त्याचा अर्धा चेहरा बधिर होता, त्यामुळे तो काय म्हणाला ते समजलं नाही, पण भाव कळले. मी सौरऊर्जेचं राष्ट्रीय महत्त्व सांगायला सुरुवात केली. सासूबाई मध्येच म्हणाल्या, “डॉक्टर, आरसा मी आत्ता उतरवते. जावईबापूंना मनावर घेऊ नका, आम्हीही घेत नाही.”
परिस्थिती निवळावी म्हणून बोलल्या असाव्यात.

२२ एप्रिल
कंपनीची नोटीस: रविवारी दुरुस्तीसाठी दहा ते पाच वीजपुरवठा बंद. सगळी गल्ली हळहळतेय. मी मनातल्या मनात नाचतोय. हाच तो दिवस! सगळ्यांचे पंखे बंद आणि आमचा एसी चालू! साहेबांना सपत्नीक बोलावलं. दातांच्या डॉक्टरांनाही बोलावलं, तेवढाच समेट. ‘भर उन्हाळ्यात थंडगार दुपार’ असं निमंत्रणात लिहिलं.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी ९.५०
पाहुणे आले. सरबत तयार. दारं-खिडक्या बंद, एसी अठरावर. ऊन असं की गच्चीवर पाय ठेवता येत नाही. म्हणजे उत्तमच. भाषणाचे मुद्दे खिशात.

२७ एप्रिल, सकाळी १०.२०
दहाला गल्लीची वीज गेली. आमचीही गेली.
सोलरवाल्याला फोन केला. तो म्हणे, जाणारच. बाहेरची लाइन बंद झाली की आपली सिस्टीम आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या विजेचा झटका बसेल. बॅटरी असती तर चाललं असतं. सहा फेब्रुवारीला मी विचारलं होतं. वहीतलं वाचून दाखवू का?
नको म्हटलं.

२७ एप्रिल, दुपारी
एसीसाठी घट्ट बंद केलेल्या खिडक्यांपैकी एक उघडेना. साहेब सबसिडीच्या फॉर्मच्या झेरॉक्सने वारा घेत होते. बाईसाहेब माझ्या भाषणाच्या मुद्द्यांनी. शेवटी सासूबाई सगळ्यांना गच्चीवर आपल्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. जिन्याची सावली पडते तिथे, वाराही चांगला येतो. तिथे तासभर गप्पा रंगल्या. हसण्याचे आवाज खालपर्यंत येत होते. मी खाली खिडकीशी झटत होतो.
जाताना साहेब म्हणाले, फार दिवसांनी इतकी मजा आली. कार्यक्रम यशस्वी म्हणायला हरकत नाही.

२७ एप्रिल, संध्याकाळी
पाहुणे गेल्यावर ही माझ्या शेजारी येऊन बसली आणि बोलली. फार नाही. म्हणाली, “मला नऊ वर्षं सिंकच्या गळक्या पाइपखाली बादली लावून भांडी घासायचा कंटाळा आलाय. तुम्हाला सूर्य दिसतो, ती बादली दिसत नाही.”
याला प्रोत्साहन म्हणता येत नाही. मी उठून बादली ओतून आलो. भरलेली होती. कमरेत कळ आली. ही रोज चार वेळा ओतते.

९ मे
ऑफिसातून आलो तर गच्चीवर काहीतरी वेगळं वाटलं. पॅनेल फिरवलेले! सासूबाईंनी सोलरवाल्याला बोलावून, स्वतःच्या पैशांनी, मी नसताना. मला का नाही विचारलंत म्हटलं. म्हणाल्या, विचारलं असतं तर तुम्ही मदत केली असती.
लोहचुंबकाचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. कव्हर त्यांनीच कचऱ्यातून काढलं, भिंग ठेवायला वापरतात.
आजचे युनिट: एकवीस.

२३ मे
ओव्हन परत केला. मोठा गीझरही. एसी ठेवलाय, पण दुपारीच लावायचा असा नियम झाला. नियम कोणी केला ते लिहीत नाही.

३० मे
तपासणीला खुद्द खिडकीवाला आला. मी सूट घालून, फाइल घेऊन दारात. तो मला ओलांडून आत गेला आणि सासूबाईंना नमस्कार केला. त्यांनी युनिटचं रोजचं टिपण दाखवलं, दहा मार्चपासूनचं. म्हणाल्या, पॅनेल फिरवण्याआधी आणि नंतर, फरक बघा. तो म्हणाला, इतकं व्यवस्थित आमच्या ऑफिसातही नसतं. जागेवर मंजुरी.
बिल आलं. जवळजवळ शून्य. म्हणजे माझा दोन फेब्रुवारीचा हिशोब बरोबर होता. फक्त त्यात मला धरायला नको होतं.

१६ जून
सबसिडी जमा. सासूबाईंनी आपलं पासबुक लेकीच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, जा, ओटा आधी बघ. ही रडली. मग हसली. मग मला म्हणाली, अहो, चला ना तुम्हीही, रंग निवडायला. मी लगेच चपला घातल्या. दुकानात माझ्या ज्ञानाचा उपयोग होईल असं वाटलं होतं, पण पिशवी धरण्यातही समाधान आहे.

५ जुलै
सबसिडी ऑफिसला माहितीपत्रकासाठी यशस्वी लाभार्थी कुटुंबाचा फोटो हवा होता. आमची निवड झाली! दाढी केली, सूट घातला, गच्चीवर सगळ्यांच्या आधी हजर. मधोमध सासूबाई खुर्चीत, शेजारी ही, मागे चमचमणारे पॅनेल, आणि मी.
फोटोग्राफर म्हणाला, साहेब, तुमची सावली पॅनेलवर पडतेय, जरा डावीकडे व्हा. झालो. अजून थोडं. झालो. अजून. झालो. आता एक पायरी खाली.
फोटो छान आला म्हणतात. मी जिन्यात होतो.