चारशे पंचेचाळीस दिवसांचं वर्ष

प्रिय यामिनी,

अक्षर माझं आहे म्हणून लगेच फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग वाटलं तर फाड. तू माझा फोन उचलत नाहीस त्याला दीड वर्ष होऊन गेलं. दर रविवारी लावतो, तो वाजून वाजून थांबतो, आणि तुझी आई टीव्हीचा आवाज वाढवते. म्हटलं, लिहूनच बघू. हात बसलेला नाही, त्यामुळे अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आलंय. बघ, पुन्हा डॉक्टर! खोड काही जात नाही माझी.

आमच्याकडे शुगर लँडमध्ये मेपासूनच घामाच्या धारा. गुरुनाथकाकाने गुडघा बदलून घेतला आणि आता भेटेल त्याला एक्स-रे दाखवत सुटलाय. मी रिटायर झाल्यापासून गॅरेज तीनदा आवरलं. चौथ्यांदा आवरायला घेतलं तेव्हा आईने तुझ्या थीसिसचं एक प्रकरण प्रिंट करून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं. मुद्दामच, दुसरं काय!

पेन्सिल घेऊन बसलो. पस्तीस वर्षं पाइपलाइनच्या ऑफिसात दुसऱ्यांची गणितं तपासली, वाटलं, इथेही चूक काढू. खरं सांगतो, चूक सापडायला हवी होती मला. इसवी सनापूर्वी सेहेचाळीस. रोमच्या पुरोहितांनी लढायांच्या धामधुमीत जास्तीचा महिना घालायचं वर्षानुवर्षं टाळलं, सुगीचे सण सुगीआधीच येऊ लागले, आणि सीझरने ते कॅलेंडर एकदाचं ताळ्यावर आणलं. मागच्या कोऱ्या बाजूवर मी बेरीज मांडली. नेहमीचे तीनशे पंचावन्न, फेब्रुवारीत घातलेले तेवीस, नोव्हेंबर-डिसेंबरच्या मधल्या दोन महिन्यांचे सदुसष्ट. चारशे पंचेचाळीस. तीनदा केली, तीनदा तेच. त्याच वर्षी रोमच्या लोकांनी पहिल्यांदा जिराफ पाहिला, हे वाचून तर मी एकटाच हसलो. आणि तुझा तो प्रश्न, की एखाद्या बाईचे दिवस भरत आले असताना मध्येच दोन महिने घुसले, तर तिने कसं मोजलं असेल? याचं उत्तर कुठे लिहून ठेवलेलं नाही, हेही तू सरळ कबूल केलंयस. फार आवडलं मला ते. आईला हाक मारून वाचून दाखवायला लागलो, तर म्हणते, माझं कधीच वाचून झालंय.

ती दिवाळी डोळ्यांसमोरून जात नाही गं. घरात वीस माणसं. मेडिकलचं दुसरं वर्ष सोडून तू इतिहासाला गेलीस, तो राग मी गिळून बसलो होतो. मिहीर पहिल्यांदाच आपल्याकडे आला होता. कुणीतरी विचारलं, सध्या काय चाललंय, आणि तू हातातली पुरी तशीच धरून त्या लांबलचक वर्षाबद्दल सांगत सुटलीस. मी सगळ्यांदेखत म्हणालो, ज्यांना वर्षाचे दिवससुद्धा धड मोजता येत नव्हते त्यांच्यापायी आमच्या पोरीने डॉक्टरकी सोडली. गुरुनाथ खो खो हसला. तो हसला म्हणून मला चेव आला आणि मी आणखी बोललो. मिहीर बिचारा हळूच म्हणाला होता, काका, आपल्या अधिक महिन्यासारखंच आहे ना हे? त्याला म्हटलं, तुला कुणी विचारलंय! तू ताट तसंच ठेवून उठलीस. नंतर कोर्टात लग्न केलंत, तेव्हा आई एकटीच विमानाने आली. मी त्या दिवशी मागचं लॉन कापलं. कापून झालं, तेच पुन्हा कापलं.

गेल्या महिन्यात आईने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. अधिक ज्येष्ठ लागतोय, जावयाला वाण द्यायला हवं, तेहेतीस अनारसे. मला माझं वाण आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात सासूबाईंनी मला तबकात दिवा लावून अनारसे दिले होते. तेरा महिन्यांच्या वर्षाचे ते अनारसे मी मिटक्या मारत खाल्ले, तेव्हा कुणाचं मोजणं चुकलंय असं काही मला वाटलं नव्हतं. आणि मिहीरने नेमकं तेच तर सांगितलं होतं! आईला म्हटलं, कर मग. ती म्हणाली, बोललात तुम्ही, आता तळा पण तुम्हीच.

तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. आमच्या दमट हवेत ते वाळेनात, म्हणून पंख्याखाली पसरून राखत बसलो. पहिले दोन घाणे तुपात हसले. हसले म्हणजे फुटून विरघळले, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. आई ओट्याला टेकून बघत होती आणि तीही हसत होती. तिसऱ्या घाण्याला जमलं. खसखस जरा करपलीय, मिहीरला सांग, सांभाळून घे.

पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कुरिअरने भुगा पोचला असता, म्हणून काल पहाटे आम्ही दोघं गाडीने निघालो आणि हजार मैल कापून आता तुमच्या बिल्डिंगसमोर शॉमबर्गमध्ये आहोत. वाणाला जावयाने सासरी यायचं असतं, पण त्याला बोलवायला मला तोंड कुठे आहे? म्हणून सासराच आलाय. इंजिनिअर माणूस, छत्तीस घेतले होते. वाटेत अर्कान्सासच्या खड्ड्यांत तीन मोडले, आता बरोबर तेहेतीस आहेत. डबा दाराशी ठेवतो, त्यावर हे पत्र, बेल वाजवतो आणि खाली येऊन थांबतो. माझं चुकलं, यामिनी. तुझं वर्ष बरोबर होतं. मिहीरची माफी मला समोर उभं राहून मागायची आहे, ती पत्रात उरकायची नाही. अधिक संपायला अजून आठवडा आहे, पण आईला आत्ताच चहा हवाय. तू नुसती खिडकीत आलीस तरी मी वर येईन.

तुझाच, जिन्याखाली उभा असलेला,
बाबा