बेट्टदपुरचा सत्कार

प्रिय आजोबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नका. तोंडावर सांगायला चारदा तुमच्या मशीनपाशी आलो, चारदा कात्री मागून परत गेलो.

तुम्ही दिवसभर ब्लाउज शिवून नऊ कादंबऱ्या लिहिल्या, आपल्या रंगारी लोकांच्या, त्याही म्हैसुरात बसून मराठीत. मी एकही पुरी वाचली नाही. दहावीत नापास होऊन बसलो तो बसलोच. खाटेखालचे तुमच्या न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे ओढून त्यांवर चढून पंखा पुसायचो, एवढाच माझा साहित्याशी संबंध. इथले कन्नड वाचतात, तिकडचे महाराष्ट्रातले आपल्याला ओळखत नाहीत, असं म्हणून तुम्ही गेली बारा वर्षं लिहिणंच सोडलंत.

डिसेंबरात बेट्टदपुरहून सत्काराचा फोन आला ना? तो इथल्याच मेटगळ्ळीहून होता. माझ्या वर्कशॉपमधला सोलापूरचा सुदीप बोलत होता, मी शेजारी तोंड दाबून. सुम्ने, गंमत म्हणून. वाटलं, तिथं कुणी नाही बघून परत याल, मला शिव्या घालाल, मग दोघं हसू.

तुम्ही आलात ते डोक्यावर जरीचा पेटा, खांद्यावर शाल, हातात फळांची टोपली. आजीनं ओवाळलं. तुम्ही सांगत होता, डोंगराखाली मंडप होता, एक बाई पुस्तक छातीशी धरून आली, म्हणाली रंगाऱ्याची सून मेली तिथं मी दोन दिवस जेवले नाही. आजी रडली.

मंडप तर मीच फोनवर रचलेला, आजोबा. शाल कुणी विकत घेतली, कुणी घातली ते मला कळलं. पेट्याच्या दुकानात एकटेच आरशासमोर पेटा सारखा करताना तुम्ही सारखे डोळ्यांपुढे दिसता.

परवा विठ्ठल मंदिरातून सुप्रीताबाई रविवारच्या सत्काराचं बोलावणं घेऊन आल्या. तुम्ही कॉफी दिलीत, गुडघे दुखतात म्हणालात. त्या गेल्यावर आजीला म्हणालात, एक सत्कार पुरे झाला.

ही बाई खरी आहे. मी तिच्या घरी जाऊन बघून आलो. तुमची नऊच्या नऊ पुस्तकं आहेत, पानापानांत खुणेला बसची तिकिटं. रविवारी जा. आधी मला मारा, मग जा. सभेत माझं नाव घेऊन सगळं सांगितलंत तरी चालेल. तुमचं, त्या शाल-पेट्याचं, मात्र आजीला माझ्याकडून कधी कळणार नाही.

तुमचाच नालायक,
हणमंत