मृणालच्या निबंधावरची लाल रेघ

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६, आयसेलिन, अमेरिका

संध्याकाळपासून डोकं तापलंय. मृणालचा इतिहासाचा निबंध शाळेतून परत आला, आणि एका अख्ख्या परिच्छेदावर लाल रेघ. लिहिलं काय होतं पोरीनं? इंग्रज आणि फ्रेंच इथल्या जमिनीसाठी लढत होते, तेव्हाच ते आपल्याकडे मद्रास-बंगालमध्येही भिडले होते. इंग्रज जिंकले, पण तिजोरी रिकामी झाली, म्हणून इथल्या वसाहतींवर कर लादले आणि लोक बिथरले. यात चुकलं काय? शेजारी टीचरचा शेरा, ‘विषय सोडून.’

हे म्हणाले, "जाऊ दे गं, ग्रेड तर ए आहे."

ग्रेडचं काय घेऊन बसायचं? आम्ही शाळेत प्लासी पाठ केली, बॉस्टनमधल्या कराविरुद्धच्या बंडाचं नाव कुणी काढलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला दोन्ही टोकं जुळलेली दिसली, तर त्यावर रेघ?

"उद्या मी येते शाळेत," मी म्हटलं.

"नो, आई. मीच बोलणार," मृणाल शांतपणे म्हणाली. "अँड आय ॲम नॉट टेकिंग इट आउट."

इतक्या वर्षांत इथे कुणाला असं ठामपणे सांगितलंय मी?